महाधमनीचं मोठं ऑपरेशन: मज्जारज्जू वाचवण्यासाठी काय, केव्हा आणि कुणी करायचं

छातीतून पोटात उतरणाऱ्या महाधमनीचा फुगलेला भाग बदलला, रक्तस्राव आटोक्यात आला, किडन्या चालू राहिल्या, आणि शुद्धीवर आलेल्या रुग्णाला दोन्ही पाय हलवता आले नाहीत, तर त्या घराचं सगळं आयुष्य बदलतं. ऑपरेशनमुळे मज्जारज्जूला रक्त कमी पडलं की हे होतं. या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही घेताना सगळ्यात जड जाणारं वाक्य हेच असतं. तरीही ही गुंतागुंत पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाली आहे. ह्यूस्टनचे सर्जन क्रॉफर्ड यांच्या १,५०९ रुग्णांचा आढावा १९९३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा पायांची कमजोरी किंवा लुळेपणा १६ टक्के रुग्णांत आढळला होता. त्याच शहरातल्या कोसेली यांनी २०१६ मध्ये ३,३०९ ऑपरेशन्सचा हिशोब मांडला. त्यात कायमचा लुळेपणा २.९ टक्के आणि कायमची कमजोरी २.४ टक्के होती. दोन्हीकडे मोजण्याची पद्धत तंतोतंत सारखी नाही, पण घसरण खरी आहे.

ही घसरण कुठल्या एका युक्तीने झालेली नाही. अनेक छोट्या गोष्टी एकत्र आणि सलग केल्याने झाली, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच हिशोब आहे: मज्जारज्जूपर्यंत रक्त किती दाबाने पोहोचतंय. हा हिशोब ऑपरेशन थिएटरमध्ये बहुतेक टीम नीट सांभाळतात. आयसीयूत गेल्यावर तो सुटतो. आज जे पाय जातात, त्यांतले बरेचसे टेबलावर शाबूत होते आणि नंतरच्या तासांत किंवा दिवसांत गेले. म्हणून हा लेख शल्यचिकित्सा आणि भूलशास्त्राच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे, तितकाच परफ्युजनिस्ट (ऑपरेशनमध्ये रक्ताचा पंप चालवणारे) आणि आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठीही. शेवटचा भाग नातेवाइकांसाठी आहे. इथले आकडे आपल्या रुग्णालयाच्या लेखी प्रोटोकॉलशी ताडून घ्या. अंतिम निर्णय रुग्णापाशी उभ्या असलेल्या वरिष्ठांचाच.

आधी धोका किती ते ठरवा

महाधमनीचा किती भाग फुगला आहे त्यावरून केलेलं क्रॉफर्ड यांचं वर्गीकरण पाठ असायला हवं. पहिला प्रकार डाव्या सबक्लेव्हियन धमनीजवळून (डाव्या हाताला रक्त देणारी) सुरू होऊन किडनीच्या धमन्यांच्या वर थांबतो. दुसरा तिथूनच सुरू होतो आणि पार पोटात, किडनीच्या धमन्यांच्या खाली जातो. तिसरा छातीच्या मध्यापासून, साधारण सहाव्या बरगडीच्या पातळीपासून खाली. चौथा छाती-पोटामधल्या पडद्यापासून खाली, म्हणजे जवळजवळ सगळा पोटात. पुढे साफी यांनी पाचवा प्रकार जोडला: सहाव्या बरगडीपासून किडनीच्या धमन्यांच्या वरपर्यंत. सगळ्यात धोक्याचा दुसरा. १९९३ च्या त्याच आढाव्यात या प्रकारात सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या पायांवर परिणाम झाला होता. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकारचं उघडं ऑपरेशन डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

प्रकाराखेरीज आणखी काही गोष्टी धोका वाढवतात: फुटलेला किंवा फुटायला आलेला ॲन्युरिझम (धमनीचा फुगवटा), तातडीचं ऑपरेशन, ताजं डिसेक्शन (धमनीच्या भिंतीचे थर सुटणं), आधी झालेलं महाधमनीचं ऑपरेशन, किडनीचा जुना आजार, डावी सबक्लेव्हियन किंवा ओटीपोटातली इंटर्नल इलियाक धमनी बंद असणं. शेवटची गोष्ट का महत्त्वाची, ते रक्तपुरवठा समजला की कळतं.

मज्जारज्जूला रक्त कुठून येतं

मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूने एक धमनी उतरते आणि मागच्या बाजूने दोन. पुढची एकटी रज्जूच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाला रक्त देते, आणि पाय हलवणारे पेशीसमूह याच भागात असतात. त्यामुळे इजा झाली की बहुधा हालचाल, वेदना आणि थंड-गरम कळणं जातं, पण पाय कुठे आहे ही जाणीव आणि कंपनाची संवेदना टिकू शकते. ‘स्पर्श कळतो’ म्हणाल्यावर समाधान मानू नका. पाय उचलताना प्रत्यक्ष बघा.

पोलिश पॅथॉलॉजिस्ट आल्बर्ट ॲडमकिविच यांनी १८८०च्या दशकात वर्णन केलेली मोठी धमनी बहुतेकांत डावीकडून, आठव्या-नवव्या छातीच्या मणक्यापासून पहिल्या कमरेच्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यात कुठेतरी निघते. ही एक धमनी सापडली आणि जोडली की काम झालं, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात ग्रीप आणि एट्झ यांनी केलेल्या कामाने हे चित्र बदललं. मज्जारज्जूभोवती, पाठीच्या स्नायूंत आणि मणक्यांच्या आजूबाजूला बारीक धमन्यांचं एक सलग जाळं असतं. त्यात वरून सबक्लेव्हियन आणि तिच्या मानेतल्या शाखांचं रक्त येतं, मधून बरगड्यांखालच्या आणि कमरेच्या धमन्यांचं, खालून इंटर्नल इलियाकचं. गावच्या विहिरींना जसे अनेक झरे असतात, तसं हे जाळं आहे: एखादा झरा आटला तर बाकीचे पाणी पुरवतात, पण एकदम दोन-तीन आटले आणि वर दुष्काळ पडला, म्हणजे रक्तदाब घसरला, तर तळ लागतो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, सबक्लेव्हियन आणि इंटर्नल इलियाक उघड्या ठेवणं हे मज्जारज्जूचंच रक्षण आहे. दुसरी, हे जाळं काही दिवसांत जुळवून घेतं, नव्या वाटा रुंदावतं. ते दिवस त्याला मिळवून देणं आपल्या हातात आहे.

एक वजाबाकी, सगळ्यांना पाठ हवी

मज्जारज्जूला मिळणारा दाब = सरासरी रक्तदाब वजा मेरुद्रवाचा (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा) दाब. सगळे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. शिरेतला दाब मेरुद्रवापेक्षा जास्त असेल तर वजाबाकीत तो घ्यायचा.

सरासरी रक्तदाब ९० आणि मेरुद्रवाचा दाब १० असेल तर मज्जारज्जूला ८० मिळतात. आता रात्री दोनच्या सुमारास रक्तदाब ७० वर आला, मेरुद्रव काढण्यासाठी पाठीत टाकलेल्या ड्रेनची नळी वाकली आणि मेरुद्रवाचा दाब १८ झाला, तर मिळाले ५२. मॉनिटरवर ७० हा आकडा कुणाला घाबरवणार नाही. बाकी बहुतेक रुग्णांत तो चालूनही जातो. या रुग्णात ५२ वर पाय जाऊ शकतात.

नेहमीचं लक्ष्य: सरासरी रक्तदाब ८० ते १०० च्या दरम्यान, मेरुद्रवाचा दाब १० च्या आसपास किंवा खाली, फरक ७० पेक्षा कमी नको, शक्यतो ८०. रुग्ण जुना उच्च रक्तदाबाचा असेल तर त्याचा नेहमीचा आकडा बघून लक्ष्य वर न्या. हा आकडा बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लिहा. मी हे फार गंभीरपणे सांगतो आहे: शिफ्ट बदलताना तोंडी सांगितलेलं लक्ष्य तिसऱ्या शिफ्टपर्यंत पोहोचत नाही.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

सीटी अँजिओग्राफी फक्त ग्राफ्टचं (बसवायच्या कृत्रिम नळीचं) माप घ्यायला पाहू नका. डावी सबक्लेव्हियन कशी आहे, मानेतल्या व्हर्टिब्रल धमन्या दोन्ही चांगल्या आहेत का, इंटर्नल इलियाक उघड्या आहेत का, आठव्यापासून बाराव्या बरगडीखालच्या कोणत्या धमन्या मोठ्या आणि चालू आहेत, हे रेडिओलॉजिस्टसोबत बसून एका कागदावर काढा. तो कागद ओटीत भिंतीवर लावा.

टप्प्याटप्प्याने ऑपरेशन करता येईल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा. दुसऱ्या प्रकारच्या ॲन्युरिझममध्ये आधी छातीचा भाग आणि काही आठवड्यांनी पोटाचा भाग केला, तर जाळ्याला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. लाइपझिगच्या एट्झ यांच्या गटाने आणखी एक वाट काढली: मोठ्या ऑपरेशनच्या आधी काही बरगड्यांखालच्या धमन्या कॅथेटरने कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) टाकून बंद करायच्या, म्हणजे जाळं आधीच मजबूत होतं. पण ॲन्युरिझम फुटायच्या बेतात असेल तर थांबण्यातच जिवाचा धोका आहे. तेव्हा टप्प्यांचा आग्रह धरू नये.

औषधं: ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवता येते. रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी बंद, कारण पाठीत ड्रेन टाकायचा आहे. लो मॉलिक्युलर हेपारिनचा प्रतिबंधक डोस असेल तर १२ तास, उपचाराचा पूर्ण डोस असेल तर २४ तास अंतर ठेवा. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) ताजे हवेत. रक्त, प्लाझ्मा आणि प्लेटलेटची सोय आदल्या दिवशीच पक्की करा. आपल्याकडे रक्तदाते आणण्यासाठी नातेवाइकांची धावपळ शेवटच्या क्षणी होते. ऑपरेशनच्या सकाळी मुलगा रक्तपेढीत आणि टीम ओटीत, असं होऊ देऊ नका.

आणि सगळ्यात सोपी, सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: ऑपरेशनआधीची पायांची ताकद लिहून ठेवा. प्रत्येक पायाची, नितंब, गुडघा, घोटा, अंगठा, शून्य ते पाच या मापात. जुना गुडघ्याचा संधिवात किंवा मधुमेहाचा बधिरपणा असेल तर तोही. नंतर मध्यरात्री ‘हे आधीपासून होतं का’ असा वाद घालायला वेळ नसतो.

लंबर ड्रेन: फायदा मोठा, धोकाही खरा

मेरुद्रव काढला की त्याचा दाब उतरतो आणि मज्जारज्जूला जागा मिळते. ब्लेसडेल आणि कूली यांनी १९६२ मध्ये प्राण्यांवर हे दाखवलं. माणसांतला ठोस पुरावा कोसेली यांच्या २००२ च्या चाचणीतून आला. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या १४५ रुग्णांत ड्रेन नसलेल्या गटात १३ टक्क्यांना पायांचा त्रास झाला, ड्रेन असलेल्या गटात २.६ टक्क्यांना. जास्त धोक्याच्या उघड्या ऑपरेशनमध्ये ड्रेन टाकायचा की नाही, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो सुरक्षितपणे सांभाळण्याचा.

ड्रेन तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या कमरेच्या मणक्यांच्या फटीत, रुग्ण जागा असताना टाकावा. सुई किंवा नळी मज्जातंतूला लागली तर जागा रुग्ण लगेच सांगतो. नळी साधारण ८ ते १० सेंटीमीटर आत. आदल्या संध्याकाळी टाकण्याचा एक मोठा फायदा असा, की सुईतून रक्त आलं तर ऑपरेशन २४ तास पुढे ढकलता येतं. सकाळी घाईत टाकताना रक्त आलं आणि तासाभराने हेपारिन द्यायचं असेल, तर फार वाईट कोंडी होते. रक्त न येता टाकला असेल तरी हेपारिन आणि ड्रेन यांत किमान एक तास हवाच.

आता ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारं उपकरण. इथे चूक झाली तर सगळा हिशोब खोटा होतो.

मेरुद्रवाच्या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग जोडायची नाही. हेपारिन घातलेलं फ्लश तर कधीच नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने एकदाच भरायचा आणि बंद. धमनीच्या लाइनसारखा फ्लश चालू राहिला तर सलाइन थेट मज्जारज्जूभोवती जाईल आणि दाब वाढवेल. नळीवर वेगळ्या रंगाचं लेबल दोन ठिकाणी लावा, ‘मेरुद्रव – इंजेक्शन देऊ नये’ असं. थ्री-वेला (नळीच्या तीन तोंडी तोटीला) टोपी घाला.

शून्य कुठे धरायचं, हृदयाच्या पातळीला की पाठीच्या, ते रुग्णालयाने एकदा ठरवावं आणि तेच पाळावं. ट्रान्सड्यूसर १० सेंटीमीटर वर किंवा खाली गेला तर वाचन सुमारे साडेसातने चुकतं. म्हणून रुग्णाला कुशीवर वळवलं, डोकं उचललं, बेड हलवला की पुन्हा लेव्हल आणि पुन्हा शून्य. काही ठिकाणी मोजपट्टीची बाटली पाण्याच्या सेंटीमीटरवर लावतात. लक्षात ठेवा, पाऱ्याचे १० मिलिमीटर म्हणजे पाण्याचे सुमारे साडेतेरा सेंटीमीटर. दोन्ही एककं एकाच तक्त्यावर मिसळू नका.

किती काढायचा? शरीर दिवसाला सुमारे अर्धा लिटर मेरुद्रव बनवतं, आणि एका वेळी शरीरात असतो जेमतेम १५० मिलिलिटर. त्यामुळे पटापट काढला तर मेंदू खाली ओढला जातो, वरच्या नाजूक शिरा तुटतात आणि कवटीत रक्त साचतं. सर्वसाधारण मर्यादा तासाला १० ते १५ मिलिलिटर. दाब १० पेक्षा कमी आहे आणि पाय चालत आहेत, तर काढायची गरज नाही. ड्रेन सतत उघडा ठेवून कुणीही बेडपासून दूर जाऊ नये. रुग्णाला बसवायचं किंवा खोकवायचं असेल तर आधी बंद करा, मग हलवा, मग पुन्हा लेव्हल घेऊन उघडा.

ड्रेनमध्ये लालसर द्रव दिसला तर काढणं थांबवा, वरिष्ठांना बोलवा, डोक्याचं सीटी करा. नवी डोकेदुखी, गुंगी, नाडी मंद होणं, बाहुल्यांत फरक या सगळ्याला हाच नियम.

भूल देताना

उजव्या रेडियल धमनीत एक लाइन आणि मांडीच्या धमनीत दुसरी: वरचा आणि खालचा दाब वेगवेगळा दिसायला हवा. हालचालीचे विद्युत संकेत, म्हणजे एमईपी, बघायचे असतील तर प्रोपोफोलवर आधारलेली शिरेतून भूल ठेवा, वायूची भूल कमीत कमी, आणि सुरुवातीनंतर स्नायू शिथिल करणारं औषध अगदी मोजून किंवा अजिबात नाही. फक्त संवेदनेचे संकेत, म्हणजे एसएसईपी, मागच्या भागाचे असतात. पुढच्या भागाला इजा होऊनही ते चांगले राहू शकतात. निवड करायचीच झाली तर मी एमईपीच्या बाजूने आहे.

नायट्रोप्रुसाइड टाळलेलं बरं. ते रक्तदाब उतरवतं आणि मेरुद्रवाचा दाब वाढवू शकतं, म्हणजे वजाबाकी दोन्ही बाजूंनी बिघडते.

क्लॅम्पचा काळ

सामान्य तापमानाला, कुठलीही मदत नसताना, महाधमनी क्लॅम्पने (चिमट्याने) अर्ध्या तासापेक्षा जास्त बंद राहिली की धोका झपाट्याने चढतो. म्हणून खालचा भाग रक्ताशिवाय ठेवायचाच नाही. लेफ्ट हार्ट बायपासमध्ये डाव्या खालच्या पल्मनरी व्हेनमधून ऑक्सिजनयुक्त रक्त घेऊन पंपाने मांडीच्या धमनीत किंवा महाधमनीच्या खालच्या टोकाला देतात. परफ्युजनिस्टने खालचा सरासरी दाब ६० ते ७० च्या आसपास धरायचा, वरचा ८० ते ९०. वरचा घसरला तर पंपाचा वेग कमी करावा लागतो आणि खालचा उपाशी राहतो. म्हणून भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्टने एकमेकांशी मोठ्याने बोलत राहायला हवं, प्रत्येक बदल जाहीर करून.

क्लॅम्प टप्प्याटप्प्याने खाली सरकवा, म्हणजे एका वेळी फक्त एक तुकडाच रक्ताविना राहतो. शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत गार होऊ द्या. मज्जारज्जूची भूक त्याने बरीच कमी होते. महाधमनीची कमान गुंतलेली असेल आणि क्लॅम्प लावायला जागाच नसेल, तर काही केंद्रं शरीर खूप खोल गार करून रक्ताभिसरण थांबवतात. सेंट लुईसचे कुचुकोस यांनी ही वाट बराच काळ वापरली. त्याची किंमत मात्र फुप्फुसं आणि रक्तस्रावाच्या रूपात मोजावी लागते.

महाधमनी उघडल्यावर बरगड्यांखालच्या धमन्यांतून रक्त उलट वाहत असेल, तर ते जाळ्यातूनच चोरलं जातंय. ती तोंडं लगेच छोट्या बलून कॅथेटरने बंद करा. आठव्या मणक्यापासून पहिल्या कमरेच्या मणक्यापर्यंतच्या पट्ट्यातल्या मोठ्या धमन्या ग्राफ्टला जोडा. ज्यातून रक्त जोरात उलट येतं, तिला भरपूर जोडवाटा आहेत. जी मोठी आहे पण जिच्यातून फारसं येत नाही, तिच्यावर मज्जारज्जू अवलंबून असण्याची शक्यता अधिक.

एमईपी निम्म्याहून खाली गेला तर घाबरून एकाच वेळी दहा गोष्टी करू नका, पण मिनिटंही घालवू नका. हातांचे संकेत बघा. तेही गेले असतील तर भूल किंवा तापमानाचं कारण असू शकतं. एकाच पायाचे गेले असतील तर त्या मांडीतली कॅन्युला (पंपाची नळी) पायाचं रक्त अडवत असेल. दोन्ही पायांचे गेले आणि हातांचे नीट आहेत, तर मज्जारज्जू धोक्यात आहे असंच धरा: वरचा दाब वाढवा, पंपाचा प्रवाह वाढवा, मर्यादेत मेरुद्रव काढा, हिमोग्लोबिन पाहा, आणि सर्जनने पुढची धमनी आधी जोडावी किंवा क्लॅम्प सरकवावा.

क्लॅम्प सुटताना दाब कोसळतो. आधी सांगा, आधी रक्त भरा, व्हॅसोप्रेसर (रक्तदाब वाढवणारं औषध) तयार ठेवा, हळू सोडा.

आयसीयू: इथे बहुतेक लढाई आहे

रुग्णाला लवकर जागं करा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत थांबायची गरज नाही. गुंगी थोडी कमी करून पाय हलतात का ते पाहा आणि मग हवी तर पुन्हा झोपवा. पहिली तपासणी जितकी उशिरा, तितका वाचवण्याचा वेळ कमी.

सुरुवातीचे ४८ तास दर तासाला तपासा. अर्धवट झोपेतल्या माणसाला ‘पाय हलतात ना?’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतोच. आज्ञा द्या आणि पाहा: ‘काका, उजवा पाय गादीवरून वर उचला. धरून ठेवा. आता डावा. अंगठा स्वतःकडे ओढा.’ आकडा लिहा. ‘हालचाल आहे’ एवढंच लिहिणं पुरेसं नाही, कारण चारवरून तीनवर घसरलेली ताकद हीच पहिली सूचना असते.

वेदनेसाठी एपिड्युरल (पाठीत नळीने दिलेली स्थानिक भूल) वापरणारे आहेत, पण माझं मत स्पष्ट आहे: इथे टाळावं. स्थानिक भुलेने दाब उतरतो आणि पाय जड होतात. मग ते औषधाने की रक्त कमी पडल्याने, याचा उलगडा होईपर्यंत तास जातात.

उशिरा येणाऱ्या लुळेपणाची कारणं बहुधा साधी असतात. एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा) झटका आला आणि दाब पडला. डायलिसिसवर दाब पडला. फुप्फुसात पाणी म्हणून फ्युरोसेमाइडचा (लघवी वाढवणाऱ्या औषधाचा) मोठा डोस गेला. जंतुसंसर्ग. रक्तस्राव. ऑक्सिजन कमी. कुणीतरी सवयीने बीपीची जुनी गोळी सुरू केली. ड्रेनची नळी अंगाखाली दबली. यातल्या प्रत्येक गोष्टीवर सिस्टरची नजर डॉक्टरांच्या आधी पडते. म्हणून त्यांना लेखी अधिकार द्या: दाब लक्ष्याखाली पाच मिनिटं राहिला तर दाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन ठरलेल्या पायरीने वाढवा आणि मग फोन करा. फोन उचलला जाईपर्यंत वाट बघायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. हिमोग्लोबिन किमान १० च्या वर. डायलिसिस करायचाच असेल तर संथ गतीचा, दाब सांभाळून.

ड्रेन साधारण ४८ ते ७२ तास. काढण्याआधी काही तास बंद करून, दाब वरच्या पट्टीत ठेवून, पाय तपासत राहा. पाय कमजोर झाले तर पुन्हा उघडा. काढताना प्लेटलेट आणि आयएनआर पाहा, हेपारिनचं अंतर पाळा आणि नळीचं टोक अखंड आलं का ते दोघांनी बघून नोंदवा.

पाय हलेना, तर पहिली पंधरा मिनिटं

एक जण वेळ लिहू लागेल. रुग्ण सपाट. सरासरी रक्तदाब लगेच ९० च्या वर, आणि सुधारणा नसेल तर दहा-दहाने १०० किंवा ११० पर्यंत, शिवण आणि हृदय सोसेल त्या बेताने. ड्रेन असेल तर नळी वाकली नाही ना पाहून, दाब १० च्या खाली येईपर्यंत काढा. काढून टाकला असेल तर पुन्हा टाकायची तयारी करा. ऑक्सिजन पूर्ण. हिमोग्लोबिन १२ च्या दिशेने न्या. हृदयाचं काम इकोने पाहा, कार्डियाक इंडेक्स (शरीराच्या आकारमानाच्या हिशोबाने हृदय मिनिटाला टाकतं ते रक्त) अडीचच्या वर हवा. ह्यूस्टनच्या साफी आणि एस्ट्रेरा यांच्या गटाने ड्रेन, ऑक्सिजन आणि रुग्णाची स्थिती ही तीन सूत्रं याचसाठी एकत्र बांधली.

हे सगळं सुरू झाल्यावर मग स्कॅन. ड्रेनभोवती रक्ताची गाठ झाली असेल तर ती न्यूरोसर्जनचं तातडीचं काम आहे. पण स्कॅनच्या रांगेत उभं राहून दाब वाढवायला उशीर करणं ही सर्वात महाग पडणारी चूक. उशिरा आलेली कमजोरी लवकर पकडली तर पुष्कळदा पूर्ण किंवा बरीच परत येते. या भागावर माझा इतका भर त्यामुळेच आहे.

स्टिरॉइड, मॅनिटॉल, नॅलोक्सोन, मेरुद्रवात पॅपाव्हरीन अशी औषधं काही केंद्रं वापरतात. त्यांचा पुरावा ड्रेन आणि रक्तदाबाइतका भक्कम नाही. द्यायची असतील तर वरच्या गोष्टी झाल्यावर.

स्टेंट ग्राफ्टमध्ये काय वेगळं

छाती न उघडता धमनीच्या आतून स्टेंट ग्राफ्ट बसवला तरी बरगड्यांखालच्या धमन्या झाकल्या जातातच, आणि त्या पुन्हा जोडता येत नाहीत. झाकलेला भाग लांब असेल, पोटातल्या महाधमनीचं आधी ऑपरेशन झालं असेल, किंवा इंटर्नल इलियाक बंद असेल, तर धोका मोठा. डावी सबक्लेव्हियन झाकावी लागणार असेल तर आधी मानेतल्या कॅरोटिड धमनीवरून बायपास देऊन तिचा प्रवाह चालू ठेवा. सगळ्यांना ड्रेन लागत नाही. जास्त धोक्याच्यांना विचारपूर्वक. मांडीतली जाड शीथ (ग्राफ्ट आत नेण्याची नळी) काम होताच काढा, कारण ती इलियाकचं रक्त अडवते. ‘छोटं ऑपरेशन होतं’ म्हणून रुग्णाला लगेच साध्या वॉर्डात पाठवू नका. दाब आणि पायांची तासागणिक तपासणी इथेही तीच.

नातेवाइकांसाठी

ऑपरेशनआधी डॉक्टरांना बिनधास्त विचारा: पायांना धोका किती, पाठीत ड्रेन टाकणार का, ऑपरेशन दोन टप्प्यांत होईल का, आयसीयूत पाय किती वेळाने तपासतात. या प्रश्नांचा राग कुणी मानू नये, आणि समजेल अशा भाषेत उत्तर मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

भेटायला गेलात की रुग्णाला पाय हलवायला सांगा. काही वेगळं वाटलं, पाय जड, मुंग्या, लघवी अडली, तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका. त्याच क्षणी सिस्टरना सांगा.

घरी गेल्यावरही पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. कमजोरी उशिरा येऊ शकते. जुन्या बीपीच्या गोळ्या, घरात शिल्लक असल्या तरी, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय सुरू करू नका. बीपी खूप वाढलेलं वाईट तसं या काळात खूप उतरलेलंही वाईट. जुलाब, उलट्या, ताप आल्याने अंगातलं पाणी कमी झालं तर लवकर दाखवा. उभं राहताना पाय लटपटले तर झोपवा, बीपी मोजा आणि ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे थेट फोन करून निघा. डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी स्पष्ट लिहून मागून घ्या: ग्राफ्ट कुठून कुठपर्यंत बसवला आहे, कोणत्या पातळीच्या धमन्या जोडल्या आहेत, आणि घरी बीपी किती आकड्यांच्या मध्ये ठेवायचं आहे. दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना अडीअडचणीला लागणारी माहिती हीच असते.